कोकेशी बाहुल्यांची कालपरीक्षा

जपानच्या ईशान्येस तोहोकू प्रांतांत, उन्हाळ्यांच्या कुंडांलगत राहणाऱ्या कातारी लोकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कोकेशी नांवाच्या काष्ठबाहुल्या केल्या. हात नाहींत, पाय नाहींत. दंडगोल धड व वाटोळें मस्तक, एवढाच आकार.

तळाशीं कारागिराची सही दिसली कीं संग्राहक निश्चिंत होतो. आमच्या मतें हें धाडसाचें आहे. सहीची रीत संग्राहकांचा ओढा वाढल्यावर, १९२६ नंतरच्या काळांत रुळली. तेव्हां सहीचा अभाव प्राचीनत्वास बाधक नव्हे. उलट, पोथीच्या पुष्पिकेंतील शक जसा कित्येकदां नकलकारानें मुळांतून तसाच उतरलेला असतो, तशी सहीहि मागाहून घातलेली असूं शकते.

म्हणून आधीं घडण पाहावी. नारुको येथील बाहुलीचें मस्तक फिरविलें असतां कुरकुरतें, व धडावर बहुधा शेवंती असते. त्सुचियुच्या बाहुलीच्या माथ्यावर एकांत एक वर्तुळें असतात. नाम्बूकडील जुनी बाहुली पुष्कळदां रंगाविनाच असून मान डोलविते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नवकल्पित कोकेशींस हीं लक्षणें लावूं नयेत.

मोल बव्हंशीं रंगाच्या ताजेपणावर ठरतें. जांभळा रंग उजेडानें लवकर उडतो; यास्तव पेटींत बंद राहिलेली बाहुली महाग. ती धुवून स्वच्छ करण्याचा उत्साह मात्र आवरावा, कारण पाण्यानें रंग पसरतो.