पिकअपची पुढची काच

पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडा पिकअपच्या काचेवर बसतो, तडा जातो, पण काच अंगावर कोसळत नाही. कारण ती एक नसून दोन काचा असतात, मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी दोन काचांमध्ये पापुद्रा घालण्याच्या या कल्पनेचं पेटंट 1909 मध्ये घेतलं.

नाण्याहून लहान टवका रेझिन भरून थोडक्या खर्चात थोपवता येतो. तडा कडेपर्यंत गेला, की काच बदलावीच लागते.

मग दर ठरतो कशावर? काच कंपनीची की बाजारातली, हे पहिलं. जुन्या गाड्यांत ती रबराच्या बीडिंगमध्ये बसते, काम स्वस्त. नव्या गाड्यांत पीयू चिकटवणीने चिकटवतात. काचेमागे कॅमेरा असेल तर त्याच्या कॅलिब्रेशनचा खर्च वेगळा. चिकटवणीत मात्र काटकसर नकोच! एअरबॅग असलेल्या बऱ्याच गाड्यांत बाजूच्या प्रवाशाची एअरबॅग याच काचेच्या आधाराने फुगते.

सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, पण दावा केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो. काचेचा खर्च आणि बोनसमधलं नुकसान आधी ताडून पाहा. आणि काच बसवल्यावर मेकॅनिक सांगेल तितका वेळ गाडी हलवू नका.