पूर्वतापन, डीझेल एंजिनाचे

थंड झालेले डीझेल एंजिन सुरू केल्यानंतर त्यावर पूर्ण भार टाकण्यापूर्वी त्यातील वंगण तेल, शीतन पाणी व धातूचे भाग यांचे तापमान कार्यकारी मर्यादेपर्यंत वाढविण्याच्या क्रियेस पूर्वतापन म्हणतात. मालमोटारींच्या चालकांच्या बोलीत यालाच ‘गाडी गरम करणे’ म्हणतात. या क्रियेचे दोन टप्पे पडतात. गाडी उभी ठेवून एंजिन निर्भार, म्हणजे भाराशिवाय मंद गतीने, चालविणे हा पहिला टप्पा होय. गाडी हलवून काही किलोमीटर एंजिनावर बेताचाच ताण पडेल अशा रीतीने चालविणे हा दुसरा टप्पा होय. व्यवहारात पहिल्या टप्प्यालाच पूर्वतापन समजले जाते व तो कित्येकदा पंधरा-वीस मिनिटांपर्यंत लांबविला जातो. वस्तुतः एंजिन तापण्याचे काम मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात होते. पहिला टप्पा वंगण तेल सर्वत्र पोहोचावे व गतिरोधकांसाठी हवेचा पुरेसा दाब तयार व्हावा यासाठी असतो आणि त्याला थोडाच वेळ पुरतो.

थंड एंजिनातील ज्वलन : रूडोल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्क येथे यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरातील हवा दट्ट्याने दाबून तिचे आकारमान मूळच्या सु. सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतके केले जाते. त्यामुळे तिचे तापमान ५००° से.च्या वर जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. एंजिन थंड असताना दाबलेल्या हवेची बरीच उष्णता सिलिंडराच्या गार भिंती शोषून घेतात; थंडीने दुबळ्या झालेल्या विद्युत् घटमालेमुळे एंजिन सावकाश फिरते आणि दट्ट्याच्या कड्यांमधून थोडी हवा निसटते. परिणामी इंधन पेटण्यास विलंब लागतो. तेवढ्या वेळात साठलेले इंधन एकदम पेटले म्हणजे थंड एंजिनाचा परिचित ‘खडखड’ आवाज येतो. न पेटलेले इंधन सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडल्यास पांढरा धूर दिसतो. एंजिन तापल्यावर हा धूर नाहीसा झाला पाहिजे. तो टिकून राहिल्यास अंतःक्षेपक किंवा संपीडन यांत दोष असण्याचा संभव असतो.

भारतात १९५४ पासून डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे तयार होऊ लागलेल्या मालमोटारींच्या प्रारंभीच्या एंजिनांत इंधन प्रथम लहान पूर्वकक्षात फवारले जाई. पूर्वकक्षाच्या भिंतींचे क्षेत्रफळ अधिक असल्यामुळे उष्णताऱ्हास जास्त होई व थंड एंजिन सुरू करण्यासाठी विजेने तापणारी प्रज्वलन तार वापरावी लागे. पुढे इंधन सरळ सिलिंडरात फवारणारी एंजिने प्रचारात आली व ती अधिक सुलभपणे सुरू होऊ लागली. गाडी दीर्घकाळ उभी ठेवून तापविण्याची चाल ही बऱ्याच अंशी त्या जुन्या एंजिनांच्या व तत्कालीन एकश्रेणी वंगण तेलांच्या काळातील आहे.

वंगण व धातूंचे प्रसरण : एंजिन रात्रभर बंद राहिले म्हणजे धारवे व सिलिंडर यांवरील बरेचसे तेल ओघळून तळाच्या पात्रात जमते. एंजिन सुरू होताच तेलपंप ते पुन्हा वर पोहोचवितो; परंतु थंड तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, पुष्कळ जास्त असते. जड वाहनांत सर्रास वापरले जाणारे १५ डब्ल्यू-४० या श्रेणीचे तेल १००° से.ला जेवढे दाट असते त्याच्या सु. सातपट ते ४०° से.ला असते आणि थंड पहाटे त्याहूनही कितीतरी अधिक. अशा वेळी दाबमापकाचा काटा उंच दाब दाखवितो. तथापि उंच दाब म्हणजे भरपूर प्रवाह नव्हे. तेल दाट असल्यामुळेच दाब वाढलेला असतो व अरुंद मार्गांतून ते कमीच वाहते. म्हणून सुरुवातीच्या काही क्षणांत एंजिनाला जोराने ‘रेस’ देणे अपायकारक ठरते. टर्बो-अधिभारक असलेल्या एंजिनात हा धोका विशेष असतो. कारण त्याचा दंड मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो व केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो.

ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे दट्टे बिडाच्या सिलिंडरापेक्षा सु. दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतात. त्यांच्यामधील फट एंजिन तापलेले असताना योग्य राहील अशी ठेवलेली असते. थंड एंजिनावर एकाएकी पूर्ण भार टाकल्यास दट्टा झपाट्याने तापून फुगतो, सिलिंडर मात्र मागे राहतो आणि घर्षण वाढते.

निर्भार चालनाने एंजिन का तापत नाही : डीझेल एंजिनात हवेचा प्रवाह रोखलेला नसतो, शक्तीचे नियमन केवळ इंधन कमीजास्त करून होते. एक किग्रॅ. डीझेल पूर्णपणे जळण्यास सु. १४·५ किग्रॅ. हवा लागते. पूर्ण भाराच्या वेळी यापेक्षा काहीशीच अधिक हवा असते. परंतु निर्भार गतीत ती शंभर किग्रॅ.च्या घरात जाऊ शकते. थोड्या इंधनाची उष्णता एवढ्या हवेत विभागली गेल्याने सिलिंडर व निष्कास वायू दोन्ही थंड राहतात. शीतन पाणी रेडिएटरकडे जाऊ देणारी तापनियंत्रक झडप सु. ८०° से.ला उघडते, नुसत्या निर्भार चालनाने जड एंजिनाला तेथवर पोहोचण्यास फार वेळ लागतो. शिवाय दंतचक्रपेटी, मागील आसातील विभेदी दंतचक्रे व चाकांचे धारवे यांमधील वंगण गाडी चालल्याखेरीज तापतच नाही.

दीर्घ निर्भार चालनाचे तोटेही आहेत. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी अंतःक्षेपकांवर व झडपांवर बसते. न जळालेले डीझेल सिलिंडराच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन पात्रात उतरते व तेल पातळ करते. जड एंजिन निर्भार चालनात ताशी सु. २ ते ३ लि. डीझेल घेते. रोज २० मिनिटे याप्रमाणे वर्षात ३०० दिवस गाडी उभी तापविल्यास २०० ते ३०० लि. डीझेल एक किलोमीटरही अंतर न कापता खर्च होते. एका गाडीवर पोट असलेल्या मालक-चालकाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

गतिरोधकांचा दाब : जड मालमोटारीचे गतिरोधक दाबलेल्या हवेवर चालतात व ती हवा एंजिनाने फिरविलेला संपीडक पुरवितो. गाडी रात्रभर उभी राहिल्यास टाक्यांतील दाब उतरू शकतो. थांबवणीचे गतिरोधक बळकट स्प्रिंगांनी लागलेले असतात आणि ते सुटण्यासाठी सामान्यतः ५ ते ६ बार दाब लागतो. टाक्या पूर्ण भरल्या म्हणजे दाब सु. ८ बार होतो. दाब अपुरा असताना गाडी ओढत नेल्यास गतिरोधक घासून तापतात. उतारावर तर अपुऱ्या दाबाने निघणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून निघण्याची वेळ घड्याळावरून न ठरविता तेलाच्या व हवेच्या दाबमापकांवरून ठरविणे योग्य होय.

पद्धती : सुरू करण्यापूर्वी तेलाची व शीतन पाण्याची पातळी पाहतात आणि गाडीखाली कोणी झोपलेले नाही याची खात्री करून घेतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व क्लच दाबून ‘सेल्फ’ मारतात. क्लच दाबल्याने दंतचक्रपेटीतील दाट तेल ढवळण्याचा भार एंजिनावर येत नाही. एका वेळी १०–१५ सेकंदांहून अधिक काळ सेल्फ न मारता मध्ये अर्धा ते एक मिनिट विश्रांती देतात. तेलाच्या दाबाचा इशारा देणारा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर एंजिन त्वरित बंद करतात. त्यानंतर दोन ते पाच मिनिटे एंजिन मंद गतीने चालू देतात. हवेचा दाब पूर्ण झाल्यावर खालच्या गिअरमध्ये निघून, पाण्याचे तापमान सु. ६०° से. होईपर्यंत एंजिनाला पूर्ण ताण देत नाहीत. याच न्यायाने चढ चढून आल्यावर एंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवतात. त्यामुळे टर्बो-अधिभारकाचा तप्त दंड तेलाने थंड होतो.

हवामानानुसार फरक : अतिथंड प्रदेशांत डीझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते व तेथे केवळ एंजिन चालू ठेवून भागत नाही. युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड भागांत एंजिनाच्या ठोकळ्यात विजेचा तापक बसवितात. लडाखसाठी इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये –३३° से. तापमानालाही वाहू शकणारे हिवाळी डीझेल उपलब्ध केले. महाराष्ट्रातील परिस्थिती अगदी निराळी आहे. सातारा जिल्ह्यातील लोणंद (ता. खंडाळा) हे नीरा नदीच्या दक्षिणेस वसलेले गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हळव्या कांद्याची आवक व उसाचा गळीत हंगाम ही दोन्ही थंडीच्या दिवसांत येतात आणि भरलेल्या मालमोटारी बहुधा पहाटे निघतात. पहाटेचे तापमान अशा वेळी १०° से.च्या आसपास उतरते. डीझेल गोठण्याइतकी थंडी येथे कधीच नसते. मात्र साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला महादेव डोंगररांगेतील सालपे घाट लवकरच लागतो व तेथे एंजिनावर पूर्ण भार येतो. म्हणून गाव सोडल्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा तुलनेने सौम्य रस्ता, हीच या मार्गावरील पूर्वतापनाची खरी जागा ठरते. तेवढे अंतर संयमाने कापले म्हणजे बाजाराच्या आवारात एंजिन तासतासभर धडधडत ठेवण्याचे कारण उरत नाही.

आरोग्य व प्रदूषण : थंड एंजिनाचा धूर तापलेल्या एंजिनाच्या धुरापेक्षा अधिक दूषित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूंचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केला. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या मालमोटारींत नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी निष्कास वायूंत यूरियाचा विद्राव फवारण्याची योजना सर्रास आढळते. परंतु निष्कास वायू सु. २००° से.पर्यंत तापल्याखेरीज ती परिणामकारक होत नाही. उभ्या गाडीच्या निर्भार चालनात हे तापमान सहसा गाठले जात नाही, म्हणजे नव्या गाडीतील शुद्धीकरणाची सोयही अशा वेळी निरुपयोगी ठरते. कॅलिफोर्नियात जड डीझेल वाहनांच्या निर्भार चालनावर सर्वसाधारणपणे पाच मिनिटांची मर्यादा घातलेली आहे.

या धुराची झळ प्रथम गाडीजवळ असणाऱ्यांना लागते : बाजाराच्या आवारात पाठीवर गोणी वाहणारे हमाल, कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, मालाशेजारी रात्र काढणारे शेतकरी आणि स्वतः चालक व क्लीनर. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामी असते. तेव्हा दिंड्यांचे तंबू, शिधा व सामान वाहणाऱ्या मालमोटारींच्या आसपास वारकरी झोपलेले असतात. आषाढात हवा उबदार असल्याने पूर्वतापनाची गरज कमी असते आणि गर्दीमुळे गाडी आपोआपच सावकाश चालवावी लागते. त्यामुळे अशा ठिकाणी हवेचा दाब भरण्यापुरतेच एंजिन उभ्याने चालविणे पुरेसे होते. बंद शेडमध्ये किंवा दारे लावलेल्या गॅरेजात एंजिन तापविणे कार्बन मोनॉक्साइडाच्या विषबाधेमुळे सर्वस्वी वर्ज्य आहे.