सरकी, ढेप आणि अडीच वर्षांचं लेकरू

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरात पाऊल टाकलं की निम्मी खोली कापसानं भरलेली दिसते. भाव चढेपर्यंत तो तिथंच राहतो. माणसांनी कडेकडेनं वावरायचं आणि लेकरांनी गंजीवर उड्या मारायच्या. अंग खाजतं म्हणून आई ओरडते, तरी उड्या थांबत नाहीत. याच गंजीजवळ बसून मी एक सुंदर शिकवणी पाहिली. शिकवणारीला ती शिकवणी वाटतच नव्हती.

गंजीजवळ

आई कापसातला काडीकचरा वेचत होती. अडीच वर्षांची पोरगी मांडीला टेकून बसली होती. तिनं एक बोटभर कापूस ओढला आणि आतलं काहीतरी टणक चाचपलं.

"खला," ती म्हणाली.

"खडा नाही व माय, सरकी हाय. दाबून पाय बरं, कडक हाय का मऊ?"

पोरीनं दाबलं. पुन्हा दाबलं. आई थांबली, हातातली काडीही तशीच राहिली.

"कलक."

"हो, कडक! याचीच ढेप होते. आपली गाय खाते ना, थेच."

पोरगी उठली आणि सरकी मुठीत धरून थेट गोठ्याकडे निघाली.

तिथं नेमकं काय झालं

"खला" या बोबड्या शब्दाला आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं योग्य शब्द दिला आणि तो बोटांनी तपासायला लावला. उत्तर आल्यावर त्याला ढेप जोडली, ढेपेला गाय जोडली. घरात रोज दिसणाऱ्या तीन गोष्टींचा संबंध त्या पोरीच्या डोक्यात पहिल्यांदा लागला.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आईचं थांबणं. लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. आपण तीन सेकंदही दम धरत नाही, प्रश्नही आपणच विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या जोडण्या फार झपाट्यानं होतात, आणि ज्या वापरात राहतात त्याच पक्क्या होतात. मुलानं काही म्हणावं, मोठ्यानं त्याला प्रतिसाद द्यावा, मुलानं पुन्हा काही म्हणावं, या देवाणघेवाणीतून त्या वापरात येतात. नुसतं ऐकवत राहिल्यानं तसं होत नाही. मोबाइलमधली गाणी लेकराला गप्प बसवतात, पण त्याचा "खला" त्यांना ऐकू येत नाही.

जिल्ह्यातलं 'आरंभ'

हीच गोष्ट घरोघरी पोचवण्याचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. महिला व बालविकास विभाग, युनिसेफ आणि सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान यांनी 'आरंभ' उपक्रम सुरुवातीला यवतमाळ आणि औरंगाबाद या दोन जिल्ह्यांत राबवला. भर शून्य ते तीन वर्षांच्या लेकरांवर होता. हे वय अंगणवाडीत येऊन बसण्याचं नाही, म्हणून सेविकांनी घरी जाऊन आईशी खेळाबद्दल आणि बोलण्याबद्दल बोलायचं होतं. जोडीला गावोगावी पालक मेळावे. एरवी अंगणवाडी म्हटलं की वजनकाटा आणि आहार डोळ्यांपुढे येतो. तिथं खेळाला मान मिळाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

घरभेटींनी काय साधतं

जमैकात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जाई आणि घरी बनवलेल्या खेळण्यांनी कसं खेळायचं ते आईला दाखवी. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली.

कुठल्या भाषेत बोलायचं?

घरच्या. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलतात. ती द्रविड कुळातली, मराठीपासून फार लांबची भाषा. पुसद, दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी, बाकी बहुतेक ठिकाणी वऱ्हाडी. शाळेत अडेल या धास्तीनं काही आईबाप लेकराशी मोडकी 'शुद्ध' मराठी बोलू लागतात आणि मग बोलणंच आटतं. असं करू नये. आजीच्या भाषेत ज्याच्याजवळ शब्दांचा साठा आहे, त्याला दुसरी भाषा त्या आधारानं उचलता येते. ज्या अंगणवाडीच्या बाईला चार शब्द कोलामीचे येतात, तिच्याजवळ पोडावरचं लेकरू लवकर मोकळं होतं, हे कुणीही जाऊन पाहावं.

खेळणी

गंजाची झाकणं, सूप, चाळणी, रिकामी आगपेटी, जुन्या लुगड्याची बाहुली. तुरीच्या शेंगा सोलताना 'मोठी इकडे, लहान तिकडे' केलं की वर्गीकरण आलंच. सरकी, दाणे, मणी असलं बारीक काही असेल तर मात्र मोठ्या माणसानं जवळ बसावं. तीन वर्षांच्या आतलं मूल ते तोंडात, नाकात घालतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी लेकराच्या हाती देऊ नका. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तो डबा खेळात येताच कामा नये.

बापानं कधी बोलायचं

संध्याकाळी बैलांना पाणी दाखवताना. बंडीत पुढं बसवून वावरात नेताना. 'कोणता बैल आधी प्याला?' एवढा प्रश्न पुरतो. तान्ह्या पोळ्याला तर लेकरू स्वतःच चाकांचा लाकडी बैल ओढत घरोघरी जातं आणि बोजाऱ्याची नाणी घेऊन येतं. घरी आल्यावर त्याच्याजवळ खाली बसावं, नाणी मांडू द्यावीत, आणि कोणाच्या घरी काय काय झालं ते त्याला सांगू द्यावं. सांगताना ते मध्येच अडेल. तेव्हा थांबावं.