भारी पाने केव्हा लपवावीत?

पत्त्यांचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून आरंभीच सांगतो की, आमच्या वसतिगृहातला पोकरचा खेळ चिंचोक्यांवर चालतो. पैशाचा संबंध नाही. तरीही एका रात्री माझे सारे चिंचोके गेले आणि त्यांच्यामागोमाग झोपही गेली. चूक कोठे झाली ते वहीत मांडले, तेच येथे देत आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मध्ये तीन पाने उघडी पडतात, नंतर एक व शेवटी आणखी एक. ही पाच सर्वांची. या सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्याला बोली होते. आधी कोणी काही लावले नसेल तर नुसते 'पास' म्हणता येते.

माझ्या हाती इस्पिक व चौकट अशा दोन नव्व्या होत्या. मध्ये बदामाचा राजा, बदामाची नव्वी आणि किलवरची चौकी पडली. तीन नव्व्या! आता लावले तर समोरचा पळेल, असे वाटून मी पडेल चेहऱ्याने पास म्हटले. समोर माझा खोलीतला सोबती, आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा. तोही पास म्हणाला. पुढचे पान बदामाची सत्ती. मी हर्षाने सगळे लावले. त्याच्या हाती बदामाचा एक्का व दुर्री निघाली. पाच बदाम तीन नव्व्यांना भारी!

आता हिशेब पाहा. त्याला न दिसणारी पाने 47 व त्यांत बदाम 9. म्हणजे पुढच्या पानाला बदाम पडण्याची शक्यता शेकडा सुमारे 19. मध्ये 40 चिंचोके होते. मी 20 लावले असते, तर ते पान पाहण्यासाठी त्याला 20 घालावे लागते, आणि मिळण्याजोगे होते 60. चारांत एकदा जमले तरच बरोबरी. त्या पानापुरता तो तोट्याचा सौदा होता. मी मात्र ते पान त्याला फुकट दाखवले.

मग लपवावे केव्हा? मला तीन कसोट्या सापडल्या. पुढच्या पानाने आपण मागे पडण्याची भीती अगदी थोडी हवी. समोर एकदोनच खेळाडू हवेत. आणि समोरचा स्वतःहून लावणारा हवा. तो भित्रा असला तर आपल्या मौनाने काहीच पदरात पडत नाही.

लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेत 1988 साली जॉनी चॅनने अंतिम लढतीत हेच केले. मध्ये राणी, दश्शी, अठ्ठी. त्याच्या हाती गुलाम व नव्वी. त्या क्षणी याहून भारी हात शक्यच नव्हता. प्रतिस्पर्धी एकटा एरिक सायडेल, आणि त्याला राण्यांची जोडी साधलेली. शेवटचे पान पडल्यावरही चॅन पास म्हणाला. सायडेलने उरलेले सगळे लावले आणि तो हरला.

दुसऱ्या दिवशी सोबत्याला वही दाखवली. तो हसून म्हणाला, "तू वीस लावले असतेस, तर मी पाने टाकली असती."

म्हणजे ते 40 तरी माझे होते!