वीस माणसांचा फरक

१ फेब्रुवारी २०११, मंगळवार. देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत सुमारे ७,४०० डॉक्टरांनी त्या सकाळी रोजच्यासारखा दवाखाना उघडला. टेबलावर फक्त एक कागद जादा होता. येईल त्या पेशंटला काय होतंय आणि निदान काय केलं, एवढंच त्यावर टिपायचं. यात मोठी हॉस्पिटलं नव्हती. बाहेर बाकडं असलेले, चपला दाराशी काढायला लावणारे आपले नेहमीचे दवाखाने होते, फिजिशियन होते, लहान मुलांचे डॉक्टर होते. दिवस संपला तेव्हा २,०४,९१२ माणसांची नोंद झाली होती.

एवढ्या मोठ्या देशाचा एका दिवसाचा हा केसपेपरच म्हणायचा! पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी घडवून आणलेल्या या पाहणीचं नाव पोसायडन. २०१५च्या डिसेंबरमध्ये ती 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आली. दर दोन पेशंटमागे एकाची तक्रार श्वसनाची होती. दिवस थंडीतला, त्यामुळे सर्दी-खोकला जास्त असणारच, असं मलाही आधी वाटलं. पण पुढचे दोन आकडे वाचले आणि मी थबकलो. सर्वांत जास्त निदान झालं ते उच्च रक्तदाबाचं, १४.५२ टक्के. त्याखालोखाल श्वासनलिका अरुंद करणारे जुनाट आजार, म्हणजे दमा आणि सीओपीडी मिळून, १४.५१ टक्के. गणित मांडून पाहिलं. दोन लाखांच्या गर्दीत हा फरक जेमतेम वीस माणसांचा!

दर सात पेशंटमागे एक. आणि तरी बीपी हा शब्द घराघरात, सीओपीडी म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे काय?" बीपीचा पट्टा प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असतो. श्वास मोजणारा स्पायरोमीटर मात्र साध्या दवाखान्यात क्वचितच दिसतो. म्हणजे ही निदानंही बहुतेक ऐकून, नाडी-छाती तपासून केलेली. खरा आकडा याहून वर असेल की खाली, ते या कागदावरून ठरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इतकी माणसं आपल्याशेजारी त्याच बाकड्यावर बसलेली असतात.

हा आजार इतका दडून राहतो कसा? उत्तर फुप्फुसाच्या रचनेत आहे, आणि ती रचना थक्क करणारी आहे. बोटभर रुंद श्वासनलिका दुभंगते, पुन्हा दुभंगते, असं साधारण तेवीस वेळा. टोकाला कोट्यवधी वायुकोश. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्या तर इतक्या, की त्यातल्या बऱ्याच बुजल्या तरी हवा उरलेल्यांतून वाट काढते. पेठेतले चार-दोन बोळ बंद झाले म्हणून मुख्य रस्त्यावर कुठे कळतं? तज्ज्ञ या भागाला फुप्फुसाचा मूक प्रदेश म्हणतात. जिना चढताना धाप लागेपर्यंत तो गप्पच असतो. मग आपण म्हणतो, "वय झालं."

माझी मावशी हेच म्हणायची. विडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी धरून बसली. सिगारेट ओढणाऱ्यांचाच हा आजार, या समजुतीला असं प्रत्येक घर खोटं पाडतं. २०१६मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. या आजाराने होणाऱ्या हानीत घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेचा वाटा निम्म्याहून जास्त, तंबाखूचा साधारण पाव, असा त्या वर्षीचा अंदाज आहे.

शेवटी मावशीला तपासणीला नेलं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. "मावशी, छाती भरून श्वास घ्या... आता फुंका! जोरात! अजून, अजून, सोडू नका..." सांगणारी मुलगी स्वतःच लाल झाली होती. निरोगी माणूस पहिल्या एका सेकंदातच बहुतेक हवा बाहेर टाकतो. मावशीची हवा संपता संपेना. पडद्यावरची रेघ सरळ उतरायची सोडून झोळीसारखी आत खचली.

दम लागतो तेव्हा हवा आत येत नाही, असं वाटतं. सीओपीडीत खरी अडचण उलटी असते. वायुकोशांच्या भिंती तंबूच्या दोरांसारख्या बारीक नळ्यांना ताणून उघडं धरतात. ते दोर तुटले, की श्वास सोडतानाच नळ्या मिटतात आणि जुनी हवा आत कोंडते. नव्या हवेला जागाच उरत नाही.

डॉक्टरांनी हे समजावलं, तेव्हा मावशी त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी घेतच होते," ती म्हणाली, "सोडताच येत नव्हतं होय!"