बालकांच्या हाती खेळकर चित्रपुस्तक

बारसे, बाप्तिस्मा किंवा पहिला वाढदिवस आला की लहानग्यासाठी भेटवस्तू निवडण्याचा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. कपडे आणि खेळणी यांची रास पडते. पुस्तक मात्र क्वचितच येते. आलेच तर ते बहुधा मुळाक्षरांचे, आकड्यांचे किंवा शेवटी तात्पर्य सांगणारे असते. मूल लवकर शिकावे ही पालकांची तळमळ स्वाभाविक आहे. परंतु ज्या पुस्तकात मुलाला परीक्षेची चाहूल लागते, त्याकडे ते पुन्हा वळत नाही.

वास्तविक खेळ आणि शिक्षण यांचे नाते जुने आहे. मोरावियन बंधुसंघाचे बिशप आणि थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचे सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अक्षरओळख करून देताना कावळ्याचे ओरडणे, कोकराचे बेंबटणे, तान्ह्या बाळाचे रडणे अशा आवाजांचा आधार घेतला होता. मूल आवाजाची नक्कल करता करता अक्षर शिके.

आजची उत्तम चित्रपुस्तके हेच करतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या पुस्तकातील भुकेला सुरवंट फळे खात जातो आणि पानांना खरोखरीची भोके पडतात. मूल त्या भोकांत बोट घालते. त्या ओघात अंक आणि वारही त्याच्या कानांवर पडतात. एरिक हिल यांच्या १९८० सालच्या पुस्तकात हरवलेले कुत्र्याचे पिल्लू शोधण्यासाठी पानावरील कागदी झडपा उघडाव्या लागतात. आजी पदराआड तोंड लपवून ‘भो’ करते, त्याच खेळाचे हे कागदी रूप होय. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळाला अशा खेळातून उमगते.

पुस्तक निवडताना वयाचा विचार करावा. पहिल्या वर्षी बाळ पुस्तक तोंडात घालणारच; म्हणून जाड पुठ्ठ्याची पाने, गोलाकार कोपरे आणि ठळक रंगांची मोजकी चित्रे असावीत. एक ते तीन वर्षांच्या मुलांना आवाज, यमक आणि पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये प्रिय असतात. तीन वर्षांनंतर गंमत, फजिती आणि चित्रातील बारकावे शोधणे यांत मूल रमते. मजकूर एक सांगतो आणि चित्र आणखी काही दाखवते, असे पुस्तक या वयात विशेष आवडते.

मराठीतही अशी पुस्तके आहेत. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने २०१४ साली सन्मानित झालेल्या माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टींची पुस्तके नित्याच्या घरगुती जीवनातील गंमत टिपतात. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रांवरूनच बोलायचे असते. अशा चित्रमय पुस्तकांचे मोल आपल्यासारख्या समाजात अधिक आहे. घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली आणि शाळेत इंग्रजी, अशी आपल्या अनेक मुलांची स्थिती आहे. जी आजी इंग्रजी पुस्तक वाचू शकत नाही, तीही चित्रावर बोट ठेवून आपल्या बोलीत गोष्ट रचू शकते. नातवंडांशी बोलली जाणारी बोलीच पुढच्या पिढीपर्यंत टिकते.

दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुलाला येथे काही करण्यासारखे आहे का? चित्रे पाहून मोठ्यांच्याही चेहऱ्यावर हसू उमटते का? तेच पुस्तक पन्नास वेळा वाचण्याची आपली तयारी आहे का? शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. मूल तेच पुस्तक पुन्हा मागते, कारण पुढे काय येणार हे ठाऊक असण्याचा आनंद त्याला हवा असतो.

बाळाच्या जन्मापासूनच त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, अशी शिफारस अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली केली. रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल दिला की ते शांत होते, हे खरे. पण मोबाईल त्याच्या प्रश्नाची वाट पाहत नाही. मांडीवर बसून पाहिलेले पुस्तक मात्र थांबते, मुलाला बोलू देते आणि आईवडिलांना ऐकायला लावते. पान फाटले तर चिकटवावे. फाटलेले पुस्तक हे वापरलेले पुस्तक असते. पालकहो, रोज रात्री दहा मिनिटे एवढेच भांडवल यासाठी पुरेसे आहे.