केमोत तोंड आले तर…

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. तोंडाच्या आतले अस्तरही अशाच पेशींचे, म्हणून ते सोलवटते. १ लिटर कोमट पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चुळा भरा. पाणी गिळू नका. अल्कोहोल असलेला माउथवॉश नकोच, आग वाढते. तिखट बाजूला ठेवून मऊ खिमट खा.

फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचे इंजेक्शन शिरेतून थेट देताना तोंडात बर्फ चघळल्यास फोड कमी येतात. सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर मात्र बर्फ टाळा. त्या औषधामुळे गारवा सोसवत नाही.

केमो सुरू असताना ताप ३८ अंश सेल्सियसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, तर मध्यरात्र असली तरी लगेच रुग्णालयाला फोन करा.